मांडवा ते रेवदंडा आणि परत

११ जानेवारी २००४, रविवार. नाशिक रोड

डायरी पुन्हा सुरू करतो आहे. मागची वही प्रेसमधून स्वेच्छानिवृत्ती घेतली त्या दिवशी बंद केली, कारण त्यानंतर लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. सकाळी चहा, पेपर, दुपारी पुन्हा तोच पेपर. सव्वीस वर्षं नोटांचे ताव तपासले. शाई कुठं पुसट, आकडा कुठं सरकलेला, एका नजरेत दिसायचं. आता घरात येणारी मेथीची जुडी तपासतो म्हणून मनीषा वैतागते.

आज मात्र बातमी आहे. घोटीच्या पुढच्या आमच्या धरणावर जलक्रीडा केंद्र निघणार हे नक्की झालं. ‘आमच्या’ म्हणतो, कारण प्रेसच्या क्रीडा मंडळासाठी दोन जुनी शिडाची होडकी सत्त्याण्णव साली मीच ट्रकमध्ये घालून तिथं नेली होती. केंद्राचे मॅनेजर आज स्वतः घरी आले. शिडाच्या बोटींसाठी एकच प्रशिक्षक घ्यायचा आहे. माझं नाव त्यांना कुणी सांगितलं ते विचारायचं राहिलं. नाव होतंच म्हणा.

अट एक. समुद्रावरचा प्रवास बोटीचा नायक म्हणून केल्याचा दाखला हवा. तो मांडव्याला नौदलातून निवृत्त झालेले एक कॅप्टन देतात.

मनीषा म्हणाली, “अहो, समुद्र म्हणजे धरण आहे का?”

“पाणी ते पाणी,” मी म्हणालो.

इथं खरं लिहायला हरकत नाही. ही जागा मिळाली नाही तर मी सत्तेचाळिसाव्या वर्षी घरी बसलेला माणूस आहे. कॉलनीतले लोक आत्ताच विचारतात, “काय जीवनराव, मग सध्या काय?” या ‘सध्या’चा मला फार राग येतो.

१९ जानेवारी, सोमवार

कॅप्टनचं पत्र आलं. बोट त्यांची, बावीस फुटी. एका शनिवारी पहाटे मांडव्याहून निघायचं, रेवदंडा गाठायचं, रविवारी परत. बोटीवर माणसं दोनच, नायक आणि मदतनीस. इंजिनाला सील असेल, सील तुटलं की परीक्षा संपली. दर तासाची नोंद वहीत पेनाने करायची: वारा, दिशा, सुकाणूवर कोण. नोंद नंतर ‘सुधारायची’ नाही. आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यात किमान चार तास सुकाणू नायकाच्याच हातात हवं.

मदतनीस म्हणून प्रेसमधला मित्र येणार होता. तो मागं सरला, मुलीच्या लग्नाची सुपारी आहे म्हणे. सुपारी गेल्या महिन्यात नव्हती.

तेव्हा झिपरू. झिपरू धरणाकाठच्या पाड्यावर राहतो, मासेमारी करतो आणि आमच्या होडक्यांवर लक्ष ठेवतो. शीड कसं लावायचं ते मी त्याला शिकवलं. म्हणजे मी लावत होतो आणि तो बघत होता. हल्ली तो लावतो आणि मी बघतो. माणूस भरवशाचा, कमी बोलणारा.

२५ जानेवारी, रविवार

धरणावर जाऊन आलो. झिपरूला विचारलं, “समुद्र बघायचाय का?”

तो जाळं नीट करत होता. “बघू की,” म्हणाला. “कमळाबाईला इचारतो.”

कमळाबाई म्हणजे त्याची बायको. तिनं लगेच हो म्हटलं, आणि मला उगाच नखशिखांत पाहिलं. दाखल्याचं किंवा जागेचं मी काही बोललो नाही. लिहितावाचता न येणाऱ्या माणसाला त्याचं काय? आणि एकदा विषय निघाला की पाड्यावरचे पंधरा जण येऊन उभे राहतील, मलाही घ्या, मलाही घ्या. नाही सांगितलं तेच बरं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

भरती-ओहोटीचा अभ्यास पूर्ण. सोपं आहे. कॅलेंडरवर तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ निघते. शनिवारी प्रतिपदा, म्हणजे दुपारी पाऊण वाजता भरती पूर्ण. तोवर रेवदंड्याच्या खाडीत शिरायचं. सगळं कागदावर मांडून मनीषाला दाखवलं. तिनं कागद बाजूला करून तिथं गूळ-शेंगदाण्याचा डबा ठेवला आणि दोन लिंबं.

“लिंबं कशाला?”

“मळमळलं तर.”

“मला बोट लागत नाही,” मी म्हणालो. धरणावर सात वर्षांत एकदाही लागली नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. मांडवा

पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई, तिथून लाँचने मांडवा. झिपरूने नवा सदरा घातला होता, घडी पडलेली. लाँचमध्ये तो सगळा वेळ कठड्याशी उभा. उतरल्यावर हाताचं एक बोट पाण्यात बुडवून चाटलं, थुंकला आणि म्हणाला, “ह्याच्यात मासं जगतात?” मग बाकी लोकांसारखा समुद्र बघत बसला नाही. धक्क्याला लागलेल्या होड्या कशा बांधल्यात तेच बघत फिरला. मी म्हटलं, अरे, समुद्र बघायला आणलंय तुला!

कॅप्टन सत्तरीचे, बुटके, खाकी हाफपॅंट. मराठी स्वच्छ. बोटीचं नाव ‘टिटवी’. मला त्यांनी दहा प्रश्न विचारले, दहाही बरोबर आले. झिपरूला एकच विचारलं, “पोहता येतं?”

“म्हशीवानी,” झिपरू म्हणाला. कॅप्टन हसले. माझ्या दहा उत्तरांना हसले नव्हते.

७ फेब्रुवारी, शनिवार. रेवदंडा

पहाटे सहाला निघालो. जमिनीवरून येणारा वारा, थंड आणि सारखा. बोट अशी चालली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यामुळे नव्हे, हे इथंच लिहितो. खांदेरी-उंदेरीची बेटं मागं गेली, अलिबागचा किल्ला मागं गेला. नऊपर्यंत सुकाणू माझ्याकडे. मग मी नकाशा बघत होतो म्हणून झिपरूकडे दिलं. त्याचा हात हलका आहे. मी सुकाणूशी भांडतो असं मला तो बसल्यावर वाटलं, पण नवीन बोट म्हटल्यावर तेवढं होणारच.

बाराच्या सुमाराला खाडीत शिरलो. हिशोब तंतोतंत. धक्क्याला लागलो आणि दोन्ही दोर मी स्वतः आवळून बांधले, आमच्या धरणावर बांधतो तसे. बोट इंचभर हलत नव्हती. झिपरूला जेवायला चल म्हटलं, तर म्हणाला, माझी नागलीची भाकर हाय, तुम्ही जावा. मी खानावळीत सुरमईची थाळी घेतली आणि तिथंच बाकड्यावर जरा लवंडलो. पहाटे उठलो होतो.

चारला परत आलो तर झिपरू धक्क्यावर दोन्ही दोर हातात धरून उभा, गाठी सोडलेल्या आणि बोट पार खाली. मी ओरडलो. न विचारता दोर सोडायचे नाहीत हे त्याला कितीदा सांगायचं?

“पाणी उतरू ऱ्हायलं सायेब,” तो म्हणाला. “बोट टांगली गेली व्हती. कडी उपटून आली आसती.”

तेव्हा धक्क्याच्या भिंतीकडे पाहिलं. ओली रेघ आता पाण्याच्या वर पुरुषभर उंच होती. भरतीला आवळून बांधलेली बोट ओहोटीत दोरांना लोंबकळते. एवढं तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असणार. मला भरतीची वेळ मिनिटांत काढता येत होती आणि बोट बांधताना मी धरणावरचाच होतो. झिपरूने आल्या आल्या पाण्याच्या कडेला एक काटकी रोवून ठेवली होती. धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं की तो असंच करतो. काटकी कोरडी पडली तसा तो उठला. तीन तास तो उभा होता, थोडा थोडा दोर सोडत. भाकरी तशीच फडक्यात.

“हितलं गेट कोन उघडतंय?” त्यानं विचारलं.

मी त्याला चंद्र, पृथ्वी, ओढ, सगळं अर्धा तास समजावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “म्हंजे रोज उघडतंय.”

वहीत लिहिलं: ‘१६:०० दोर सैल केले.’ कुणी केले ते लिहायचा रकाना नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार. नाशिक रोड

काल लिहिणं शक्य नव्हतं. अजून पलंग हलल्यासारखा वाटतो. क्रमाने लिहितो.

सकाळी साडेसहाला निघालो. दहापर्यंत उत्तम चाललं होतं. मग वारा पडला. शीड ओल्या धोतरासारखं लोंबत होतं आणि बोट जागच्या जागी डुलत होती. पुढे नाही, मागे नाही. साडेदहाला मला पहिली उलटी झाली. अकराला समोरून वारा सुटला, वायव्येचा. तो बारापर्यंत असा वाढला की लाटांचे माथे पांढरे झाले. सुकाणू मी अकरालाच झिपरूकडे दिलं होतं. दिलं म्हणजे, माझ्या हातातून सुटलं आणि त्यानं धरलं.

त्यानंतर मी बोटीच्या तळाशी दोन कडांच्या मध्ये आडवा होतो. एका हातात बादली. लिंबं दोन्ही संपली. मला वाटलं मी मरणार, आणि थोड्या वेळाने वाटलं, मेलो तरी चालेल. समुद्रात दाखला, जागा, कॉलनी काही आठवत नाही, हे मी आता अनुभवाने सांगू शकतो.

झिपरूने शीड खाली ओढून अर्धं बांधून टाकलं. मी सांगितलं नव्हतं. मग बोट जरा माणसात आली. दर थोड्या वेळाने तो म्हणायचा, “सायेब, डोकं खाली,” आणि आडवी काठी माझ्यावरून पलीकडे जायची. बोट बाजू बदलायची आणि पुन्हा वाऱ्याला तिरकी चढायची. तो शिडाकडे बघतसुद्धा नव्हता, मान जरा वळवून कानाने वारा घेत होता.

थळच्या समोर मी मान वर करून म्हणालो की बेट आणि किनारा यांच्या मधून घे, अंतर वाचेल. तो म्हणाला, “नाय. तिथलं पाणी बघा, उभं ऱ्हायलंय. खाली दगड हाय.” आमच्या धरणात पाणी उतरलं की बुडालेल्या टेकाडांवर असंच पाणी उभं राहतं म्हणे. मी सात वर्षांत कधी पाहिलं नाही. त्याला बाहेरून जायची परवानगी दिली. नंतर नकाशा पाहिला, तिथं खडक होते.

तीनच्या पुढं मांडव्याच्या आडोशाला आलो, पाणी शांत झालं, मी उठून बसलो. तोंड धुतलं. वही काढली. अकरापासूनच्या ओळी कोऱ्या होत्या. वाऱ्याचं आठवून लिहिलं, दिशेचं झिपरूला विचारून लिहिलं. ‘सुकाणूवर’ या रकान्यात हात थांबला. मग अकरा, बारा, एक, दोन, तीन, पाचही ओळींत माझं नाव लिहिलं. बोट माझ्या जबाबदारीवर होती. नायक आडवा झाला म्हणून तो नायक राहत नाही असं नाही. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं, आणि लिहितानाही सांगतो आहे.

धक्क्यावर कॅप्टन खुर्ची टाकून बसले होते. वही वाचली. माझ्याकडे पाहिलं, माझा सदरा पुढून खराब होता. मग झिपरूकडे वळले. “समोरच्या वाऱ्यात कोण चालवत होतं?”

झिपरू म्हणाला, “सायबच. मी आपला दोर धरून व्हतो.”

“सगळा वेळ?”

“सगळा टाइम सायबच.”

मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होतो. ते नीट बसत नव्हतं. कॅप्टननी आणखी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खाली सही केली.

परतीच्या गाडीत मी झिपरूला विचारलं नाही, तो खोटं का बोलला. मला वाटतं, मोठ्या माणसासमोर घाबरला असावा.

१६ फेब्रुवारी, सोमवार

दाखला पोस्टाने आला. जाड कागद, बोटीचा शिक्का. मी सवयीने उजेडात धरून पाहिला, दोष नाही. मॅनेजरना फोन केला. एक मार्चला रुजू व्हा म्हणाले. मनीषाने दाखला देवाजवळ ठेवला, साखर ठेवली. कॉलनीत दोघांना मी आपण होऊन सांगितलं.

रात्री जेवताना शेजाऱ्यांना उलटीची गोष्ट रंगवून सांगितली. सगळे हसले. ते गेल्यावर मनीषा ताटं उचलता उचलता म्हणाली, “चार-पाच तास तुम्ही बादली धरून होतात, मग बोट कोण चालवत होतं?”

“तुला नाही कळायचं त्यातलं,” मी म्हणालो.

“हो का,” म्हणाली आणि आत गेली. दाखला देवाजवळून काढून टीव्हीवर आणून ठेवला. धूळ बसेल म्हणाली.

२२ फेब्रुवारी, रविवार

पेढे घेऊन पाड्यावर गेलो. मनात एक चांगला विचारही होता. केंद्राला रखवालदार लागणार, तिथं झिपरूचं नाव सुचवायचं. महिना ठरलेला पगार, गणवेश. मी त्याला तसं सांगितलं. तो “बरं” म्हणाला.

कमळाबाई चुलीशी होती. ती तिथूनच म्हणाली, “रखवालदार कामून? त्या मॅनेजरनं तं पयलं यांनाच इचारलं व्हतं.”

“गप ए,” झिपरू म्हणाला.

“का गप? दिवाळीला नाय आला व्हता तो? शिडाची बोट कोन चालवतंय म्हून इचारत? दाखला लागंल, समोरच्या वाऱ्यात चार तास बोट चालवाया लागंल, मांडव्याला जावा, पैसं आमी भरतो, आसं नाय म्हनला?”

मी पेढ्यांचा पुडा हातात घेऊन उभाच होतो. झिपरूला विचारलं, खरं का? तो जमिनीकडे बघत म्हणाला, “मी म्हनलो, आमच्या सायबाला घ्या. सायेब शिकल्यालं. तुमची नोकरी गेल्याली. मला काय, मासं हायेत.”

“गेली नाही, मी सोडली.”

“तेच ते,” झिपरू म्हणाला.

म्हणजे त्याला पहिल्यापासून सगळं माहीत होतं. दाखला काय, कशासाठी, चार तासांची अट. मी महिनाभर त्याच्यापासून लपवत होतो ते त्यानंच मला दिलेलं होतं. धक्क्यावर तो घाबरला नव्हता.

लाज वाटली. इतकी की घोटीपर्यंत पायी आलो, जीपगाडीत कुणाशेजारी बसवेना.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस विचार केला. दाखला परत केला तर जागा जाते. नाही केला तर एक मार्चला मी पोरांना शिकवणार आणि झिपरू गणवेश घालून फाटकाशी उभा राहणार. वारा उलटा फिरला की मी त्यालाच हाक मारणार, हेही मला माहीत आहे. पोरांनाही दोन दिवसांत कळेल. आणि न कळलं तर ते जास्त वाईट.

मनीषाला सगळं सांगितलं, धक्क्यावरचं झाकणासकट. घर कसं चालवायचं ते तिनं विचारलं नाही, विचारलं असतं तर मी कदाचित थांबलो असतो. म्हणाली, “पंचवटीने जाणार ना? डबा पाचला लागेल.”

२५ फेब्रुवारी, बुधवार. मांडवा, लाँचची वाट बघताना

कॅप्टन त्याच खुर्चीत होते. मी दाखला त्यांच्यापुढे ठेवला आणि सांगितलं. वाटेत घोकलेल्या वाक्यांपैकी एकही आलं नाही. एवढंच म्हणालो की अकरा ते साडेतीन झिपरू होता, वहीतल्या दिशाही त्यानंच सांगितल्या, मी आडवा होतो, आणि रेवदंड्याचे दोरही त्यानंच सोडले.

ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. आत जाऊन वही आणली आणि त्या पाच ओळी माझ्यासमोर केल्या. माझं नाव मीच एकेक करून खोडलं, खोडलेलं दिसेल असं, आणि वर झिपरूचं लिहिलं. माझा दाखला त्यांनी मधोमध फाडला.

“त्याला लिहिता येत नाही,” मी म्हणालो.

“लिहून बोट चालत नाही. नोंदी तुम्ही लिहिल्यात, दिशा त्यानं सांगितल्यात. मला पुरे.” त्यांनी खणातून कोरा दाखला काढला, चष्मा लावला. “सांगा नाव.”

“झिपरू.”

“पूर्ण. त्याचं, वडिलांचं, आडनाव.”

मी उभा होतो. सात वर्षं दर रविवारी त्याच्या हातचा चहा प्यायलो. त्याच्या बायकोचं नाव माहीत, कुत्र्याचंही माहीत. कॅप्टन पेन धरून थांबले होते.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेनाला टोपण लावलं आणि कोरा दाखला माझ्यापुढे सरकवला.

“मग विचारून या,” म्हणाले.